टाकीच्या तोंडाशी

१

सकाळच्या पाळीला आल्यावर ताईचं पहिलं काम म्हणजे टाकीच्या काचेत डोकावणं. चहा नंतर, गप्पा नंतर, आधी काच. प्रकल्पावर तिला सगळेच ताई म्हणायचे. तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. सख्खा धाकटा भाऊ तिथंच कामाला होता आणि तो दिवसभर ‘ताई, ताई’ करत असायचा, त्यामुळे ती जगाचीच ताई होऊन बसली होती.

काम तसं सोपं. जमिनीच्या पोटातून उकळतं खारं पाणी वर यायचं. त्याच्या वाफेवर चक्रं फिरायची आणि वीज तयार व्हायची. वाफ निघून गेली की उरलेलं दाट मिठाचं पाणी बसएवढ्या एका आडव्या टाकीत यायचं, तिथून पुढे बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यांत. त्या पाण्यातलं लिथियम तेवढं मण्यांना चिकटायचं. ते धुऊन, सुकवून बॅटऱ्या करणाऱ्यांकडे धाडायचं आणि बाकीचं पाणी दुसऱ्या विहिरीतून जिथून आलं तिथं परत सोडायचं. ना धूर, ना राख. पाहुणे आले की साहेब हे वाक्य हमखास म्हणायचे.

टाकीला छातीच्या उंचीवर ताटलीएवढी एक जाड काच होती. आतल्या क्षारांनी ती आठवडाभरात दुधासारखी पांढरी व्हायची, मग आतलं काही दिसायचं नाही. टाकी थंड करून, उघडून घासली तरच साफ व्हायची. त्या दिवशी घासणीला अजून बराच अवकाश होता, काच पांढरीफटक असायला हवी होती.

तशी ती होतीही. फक्त मधोमध एक कमान साफ झाली होती. अंघोळीनंतर वाफेनं धुरकटलेल्या आरशावर आपण तळवा फिरवतो ना, तशी.

ताईनं खिशातून फडकं काढलं आणि बाहेरून पुसून पाहिलं. कमान होती तशीच राहिली. पांढरं आतल्या बाजूनं होतं, तेव्हा साफही आतूनच झालेलं होतं. आणि आत काय होतं, तर हात घातला तर हाडंसुद्धा शिजून निघतील इतकं तापलेलं पाणी.

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि पुढच्या पंपाकडे गेली.

२

“प्रवाहानं घासलं असेल,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्या तरुण होत्या, हुशार होत्या, आणि विचारलेल्या प्रश्नाला कधी हसायच्या नाहीत, म्हणून ताईला आवडायच्या. “आतली एखादी पट्टी सैल झाली की पाणी तिरकं वळतं. एकाच जागी मारा बसला की थर निघतो. घासणीच्या वेळी बघू.”

ताईला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पाळीतले सगळ्यात जुने होते काका, त्यांना मात्र तिनं विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“किती वेळ बघत होतीस?”

“थोडा वेळ. का?”

“काही नाही. मी आता नुसती नजर टाकतो आणि पुढे जातो. माझा स्वभाव.” आणि त्यांनी विषय बदलला.

घरी ती हे सगळं सांगत होती तेव्हा आई आणि बाळ्या दोघंही ऐकत होते. बाळ्या म्हणजे तिचा भाऊ. नाव बाळ्या, पण उभा राहिला की दार भरून जायचं. टाक्या घासणाऱ्या टोळीत तो होता, आणि एवढं धूड त्या टाकीच्या तोंडातून आत शिरतं कसं यावर रोज एक तरी विनोद व्हायचा.

“अगं, आत कुणीतरी दाढी करत असेल,” तो म्हणाला. “वाफ, आरसा, सगळी सोय आहे.”

आई हसली. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर पट्टी होती. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती आवाजांवर घर चालवायची. कुकरची शिट्टी मोजायची, कोण जिना चढतंय ते सांगायची, आणि बाळ्यानं चपला नीट ठेवल्या नाहीत हेही तिला कळायचं. सकाळी शेजारीण येऊन बसायची, दुपारी जेवण उरकून आपल्या घरी जायची. मग ताई येईपर्यंत आई एकटी.

“कानाला दिसतं त्याला डोळे कशाला हवेत,” आई म्हणायची. ताई मात्र रोज निघताना दारातून एकदा मागे वळून बघायची.

३

काच पुन्हा पांढरी झाली आणि पुन्हा पुसली गेली. या वेळी कमानीच्या शेवटी, जिथं हात काचेवरून खाली सुटावा तिथं, बारीक रेघा होत्या. ताईनं त्या मोजल्या नाहीत. मोजायच्या नाहीत असं ठरवूनच ती बाजूला झाली.

पण माणसाचं मन खाजणाऱ्या जखमेसारखं असतं, हात तिकडेच जातो. एका सकाळी आजूबाजूला कुणी नव्हतं. पंपांची एकसुरी घरघर चालू होती. ताईनं वाकून, मीटरचा काटा अडकला तर मारतो तशी, काचेवर नखानं टिचकी मारली. दोनदा.

आतून दोनदा टिचकी आली.

पाइप तापले की वाजतात, हे तिला ठाऊक होतं. रात्री पत्रे वाजतात, भांडी वाजतात, लोखंड तर वाजणारच. तिनं स्वतःला हे नीट समजावलं. मग तिनं पुन्हा टिचकी मारली, या वेळी आधी एक, थोडं थांबून तीन.

एक. थोडं थांबून तीन.

ताई मागे सरली तेव्हा तिचा खांदा मागच्या रेलिंगवर आदळला आणि कळ मस्तकात गेली. काचेच्या साफ भागात काही नव्हतं. गढूळ पाणी, आणि पलीकडच्या दिव्याचा पिवळा ठिपका. तो ठिपका क्षणभर झाकला गेला आणि परत दिसू लागला, आपण दिव्यासमोरून चालत गेलो की होतो तसा.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? टाकीशी खेळत होते म्हणून? तिला नोकरीवरून काढलं नसतं, पण डोकं तपासायला नक्की पाठवलं असतं. आणि तिची तीच म्हणत होती की लोखंड वाजतं, बुडबुडे दिव्यासमोरून जातात, यात काय मोठंसं. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती काचेवर नुसती नजर टाकून पुढे जायला लागली. काकांसारखी.

४

घासणीचा दिवस आला. विहिरीकडून येणारे पाइप बंद झाले, टाकी रिकामी करून दीड दिवस गार केली गेली. टाकीला माणूस आत जाण्यासाठी दोन तोंडं होती. एक या टोकाला कमरेएवढ्या उंचीवर, दुसरं पार त्या टोकाला, छतावर, शिडी लावून चढायचं. दोन्ही उघडली. आत हवा खेळवायला मोठा पंखा लावला. आतल्या हवेची तपासणी झाली. सगळं नियमानं झालं, त्यात कुणाचीही कसूर नव्हती.

आत जायचं होतं बाळ्याला.

“दुसऱ्या कुणाला पाठव ना,” ताई त्याला सकाळी जिन्यातच म्हणाली.

“का?”

“पाठ दुखते म्हणतोस ना.”

“पाठ घरी दुखते. कामावर नाही दुखत.” त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “ताई, तू त्या काचेचं अजून मनात घेऊन बसलीयेस. मी आत जाऊन ती सैल पट्टी हातात घेऊन येतो, मग झोप सुखानं.”

आत माणूस असला की तोंडाशी एकानं थांबायचं असतं. आतल्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक हातात धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. उत्तर आलं नाही तर ओरडून माणसं गोळा करायची, पण स्वतः आत शिरायचं नाही. ते काम ताईनं मागून घेतलं. काकांनी तिच्या हातात दोर दिला.

बाळ्या डोक्यावर दिवा चढवून, हातोडी घेऊन तोंडातून आत घुसला. अर्धा अडकला, पाय झाडले. बाहेरच्यांनी नेहमीचे विनोद केले आणि ते आपापल्या कामाला पांगले. आत भिंतींवरची पांढरी खपली फुटू लागली. ठक, ठक, आणि मग ओलं पडल्याचा आवाज.

५

पंख्याच्या घरघरीत बोलणं अर्धं ऐकू यायचं, अर्धं अंदाजानं समजायचं. सुरुवातीला बाळ्या बरंच बोलत होता. इथं उकाडा आहे, इथं बोटभर थर आहे, पट्टी काही सैल दिसत नाही. मग हातोडी लांब लांब गेली. मग थांबली.

“बाळ्या, आहेस का?” ताईनं तोंडाशी वाकून विचारलं.

“आहेस का,” टाकी म्हणाली. रिकाम्या टाकीत आवाज फिरतोच.

“बाळ्या.”

“बाळ्या.” आणि मग थोड्या वेळानं, “आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला. “काय करतोयस?”

“बसलोय.”

“दमलास? ये बाहेर, पाणी पी.”

दोर हातात हलकेच हलला, गळाला मासा लागल्यासारखा. तो धीटपणानं बोलत असला तरी आत एकट्यानं बसणं सोपं नसतं, हे ताईला माहीत होतं. माणसाला बोलतं ठेवायचं असतं. म्हणून ती बोलत राहिली.

“तुम्ही ते नेता,” आतून आलं, “ते कुठे नेता?”

“काय नेतो?”

“पाण्यातलं.”

“लिथियम? बॅटऱ्यांत. तुझ्या फोनात. आज काय परीक्षा आहे का रे?”

“घरी कोण आहे?”

ताईला हसू आलं. “डोक्यात मीठ गेलं वाटतं. कोण असणार? आई.”

“एकटी?”

“शेजारीण असेल अजून. दुपारी जाते ती.” ताईनं घड्याळाकडे पाहिलं. “गेली असेल एव्हाना.”

“आई काय करते?”

“बसली असेल खिडकीत पट्टी बांधून. तुझी वाट बघत. तू तिचा लाडका.”

“तिला दिसत नाही.”

“पट्टी सुटेपर्यंत नाही. तू असा का बोलतोयस? बरं वाटतंय ना?”

“बरं वाटतंय,” आवाज म्हणाला. तो बाळ्याचाच होता, यात तिला शंका नव्हती. फक्त त्यात हसू नव्हतं. बाळ्याच्या बोलण्यात तळाशी कायम थोडं हसू असायचं. पण टाकीत, पंख्यामागून, कुणाचाही आवाज जरा वेगळा लागणारच. “मग ती ओळखते कशी?”

“आवाजावरून. वेडा आहेस का?”

“तू कशी हाक मारतेस?”

आता त्याला खेळ सुचलाय असं तिला वाटलं. लहानपणी अंधाराला घाबरला की तो तिला असंच काहीबाही बोलायला लावायचा. म्हणून तिनं तोंडाशी वाकून, रोज जिना चढल्यावर दारातून मारते तशी हाक मारली.

“आई गं, मी आले.”

मग, सावकाश, चव घेत घेत म्हटल्यासारखं, तिच्याच आवाजात, “आई गं, मी आले.”

प्रतिध्वनी, ताईनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात तिच्या पाठीमागे कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं.

“कुणाशी बोलतेयस?” बाळ्या म्हणाला.

तो उन्हात उभा होता. अंगभर पांढरी भुकटी, हातात पाण्याची बाटली, डोक्यावरचा दिवा विझलेला. “दिवा गेला माझा. मी वरच्या तोंडातून निघालो, ते जवळ होतं. दोर सोडून ठेवला आत, अडकत होता. तुला ओरडून सांगितलं ना? दुसरा दिवा आणायला गेलो होतो.” तो बोलता बोलता थांबला. “ताई?”

ताईच्या हातातला दोर ताणला गेला होता. झटका नव्हता. कुणीतरी आतून एक हात, मग दुसरा हात, असा तो हळूहळू स्वतःकडे घेत होतं. बाळ्यानं ते पाहिलं आणि त्याच्या हातातून बाटली पडली. ताईनं दोर सोडून दिला. त्याचं टोक टाकीच्या ओठावरून वळलं आणि आत गेलं.

बाळ्यानं नुकताच आणलेला दुसरा दिवा पेटवून आत धरला. ताईनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पांढऱ्या भिंती, तळाला चिखल, मधे फुटलेल्या खपल्यांचे ढीग. अगदी त्या टोकाला, वरच्या तोंडाच्याही पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं बाळ्याची हातोडी अजून पोचलीच नव्हती, तिथं भिंतीवरच्या जाड थरात एक खोलगट जागा होती. गुडघे पोटाशी घेऊन कुणी फार काळ टेकून बसावं, आणि थर त्याच्याभोवती चढत राहावा, तशी. तिच्या कडांवरून भुकटी अजून गळत होती. जागा रिकामी होती.

६

माणसं धावत आली. इंजिनिअरबाईंनी स्वतः दोन्ही तोंडांतून मोठ्या दिव्याचा झोत टाकून पाहिलं, आत कुणी नव्हतं. दोर मात्र तळाशी नीट वेटोळं करून ठेवलेला होता. बाळ्या हट्टानं सांगत होता की आपण तो नुसता टाकून दिला होता. काका टाकीकडे पाहतच नव्हते, ते ताईकडे पाहत होते.

“काय काय बोललीस त्याच्याशी?” त्यांनी हळूच विचारलं.

ताईला सगळं आठवलं. एकेक प्रश्न, आणि आपण दिलेलं एकेक उत्तर. तिचे पाय पळायला लागले तेव्हा कुठं पळतोय हे तिला कळलंही नव्हतं. कंट्रोल रूममधला फोन उचलून तिनं घरचा नंबर लावला. बराच वेळ घंटा वाजली.

“हॅलो,” आई म्हणाली.

“आई, मी बोलतेय. बरी आहेस ना? दाराला कडी आहे ना?”

आई हसल्यासारखं करून म्हणाली, “अगं, असं काय? स्वयंपाकघरातून फोन करतेस होय?”

“आई, मी कामावर आहे.”

“आत्ता तर आलीस. हाक मारलीस, आत गेलीस.” आईचा आवाज फोनपासून जरा दूर झाला, मान वळवल्यासारखा. “पाणी तापवतेयस ना?”

आणि फोनच्या त्या टोकाला, घराच्या आतून कुठून तरी, ताईला स्वतःचा आवाज ऐकू आला. शांत, घरातला, पदर खोचून काम करणाऱ्या बाईचा.

“कुणाचा फोन गं आई?”

“तुझाच,” आई म्हणाली. मग तिलाही काहीतरी जाणवलं असावं, कारण फोन ठेवल्याचा आवाज अगदी हलका झाला, कुणाला कळू नये असा.

कंपनीची जीप घेऊन दोघं निघाली. बाळ्यानं रस्ताभर एकच वाक्य धरून ठेवलं होतं, “शेजारीण असेल. शेजारीणच असेल.” ताईही तेच धरून होती. बुडणाऱ्याला काडी सापडली की तो ती लाकडी आहे की गवताची हे बघत नाही. शेजारीण खालीच भेटली, कपडे वाळत घालत होती. “मी तर केव्हाच आले खाली,” ती म्हणाली. “ताई, तू वर गेलेलीस ना? मी आवाज ऐकला.”

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी कोमट होती, पण दारावर दुपारचं ऊन येतं. आई खुर्चीत होती, जिथं असायची तिथंच, मांडीवर हात घेऊन. घरात वाफ भरली होती. स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि त्यावरचं पातेलं आटून कोरडं झालं होतं, तळाला पांढरी खपली. बाळ्यानं खाटांखाली पाहिलं, कपाटं उघडली, मोरी पाहिली. कुणी नव्हतं. स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत फरशीवर पांढरी भुकटी सांडली होती, रांगोळीची चिमूट सुटत जावी तशी.

“आलात दोघं?” आई म्हणाली. “मग ती कुठे गेली?”

“कोण, आई?”

आई आपलं डावं मनगट उजव्या हातानं चोळत होती. “हात किती गरम गं तिचे,” ती म्हणाली. “पण घट्ट धरून बसली होती. किती वेळ.”

७

त्यानंतर घराला नवीन कुलूप बसलं. ताईनं टाकीकडचं काम सोडलं, पोती बांधून निघतात त्या शेडमध्ये बदली करून घेतली. बाळ्यानं टोळीच सोडली. टाकी घासून, बंद करून, परत चालू झाली होती. वीज तयार होत होती, लिथियम निघत होतं, उरलेलं पाणी जमिनीत परत जात होतं. काचेत आता कोण डोकावतं हे ताईनं विचारलं नाही. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तिचा निरोपही घेतला नाही, फाटकातून सरळ निघून गेले.

दोघं आपसांत त्या दिवसाबद्दल बोलायची तेव्हा हळूहळू एक गोष्ट तयार झाली. आईला औषधाची गुंगी होती. ती झोपेत बोलली. फोनवर आवाज उलटा येतो, जुन्या फोनवर येतोच. गॅस शेजारणीकडून चालू राहिला. शेजारीण आता तोंड लपवत होती, म्हणजे तिचंच चुकलं. गोष्ट बरी जमली होती. कुठं टोचत नव्हती, फक्त तिच्यात आई बसत नव्हती.

कारण आई घाबरली नव्हती. तिची पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिसतं का. आईनं ताईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चेहरा ओळखीचा आहे हे तिच्या नजरेत दिसत होतं. मग तिनं आपणहून डोळे मिटून घेतले.

“आता बोल,” ती म्हणाली.

“काय बोलू, आई?”

आई ऐकत राहिली. तिच्या कपाळावर बारीक आठी आली आणि गेली. “नाही,” ती सौम्यपणे म्हणाली, समोरच्याचं मन दुखू नये म्हणून म्हणतात तसं. “तूच आहेस, ते कळतं मला. पण ती जास्त मायेनं बोलत होती.”

खोटं नव्हतं ते. दिवसभर पोती, घरी आल्यावर भांडी, आईचं औषध, बाळ्याची नवी नोकरी. माया होती, पण ती कामांच्या ढिगाखाली कुठंतरी असायची. उद्यापासून सावकाश बोलायचं, जवळ बसायचं, असं तिनं ठरवलं. दोन दिवस ती बसलीही. आई प्रेमानं ऐकायची आणि तिचं लक्ष दाराकडे असायचं. नवं कुलूप आई आतून काढून ठेवते हे त्यांना पुढे कळलं. बाळ्या तिला बोलला, तर ती म्हणाली, “आली तर दारात उभी राहायची का ती?”

मग एके दिवशी शेडमधलं काम लवकर आटोपलं. उन्हं उतरायला लागली होती. ताई जिना चढून वर आली आणि दाराशी थांबली. आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. फोनवर असेल असं वाटलं. पण फोनवर आई ओरडून बोलते, आणि हे बोलणं अगदी हळू, मांडीवर डोकं ठेवलेल्या माणसाशी बोलावं तसं होतं. मधेच आई हसली. एवढी मोकळी हसलेली ताईनं तिला वर्षानुवर्षं ऐकली नव्हती.

मग दुसरा आवाज बोलू लागला. शब्द कळत नव्हते. आवाज कळत होता.

बाळ्या असेल, ताईनं स्वतःला सांगितलं. रेडिओ असेल. तिचा हात दाराला लागला आणि तिनं तो मागे घेतला. या बाजूला आज ऊन नव्हतं, आणि दार चटका बसण्याइतकं तापलेलं होतं. ती खाली बसली, जिन्याच्या गार फरशीवर गाल टेकला आणि दाराखालच्या फटीतून पाहिलं.

आईच्या खुर्चीचे पाय दिसत होते. आईचे पाय, सपाता घातलेले. आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर आणखी दोन पावलं, अनवाणी, पांढरी. तळव्यांच्या कडेनं कोरड्या मिठागरासारखे तडे गेलेले. बोटं आईकडे वळलेली होती.

ताईच्या घशातून काहीतरी निघालं असावं. आतलं बोलणं थांबलं. ती पावलं सावकाश वळली आणि दाराकडे चालत आली. फटीतला उजेड झाकला गेला. उष्णता तिच्या चेहऱ्यावर आली.

“कोण?” दाराच्या अगदी पलीकडून तिच्याच आवाजानं विचारलं.

या दाराशी जन्मभर या प्रश्नाला तिनं एकाच शब्दात उत्तर दिलं होतं. मी. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, ओठ जुळवले, आणि तो शब्द तिच्याजवळ नव्हता. तिनं जिभेनं शोधला. नव्हता.

“कोण आहे गं?” आतून आईनं विचारलं.

“कोणी नाही, आई,” तो आवाज मायेनं म्हणाला, आणि आतून कडी लागली.